कान्होजी, शहाजी आणि हान्स : देवाधर्माच्या नावांबद्दलचे गैरसमज

भोर तालुक्यात नसरापूरला बनेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. देऊळ १७४९ चं, नानासाहेब पेशव्यांच्या काळचं. म्हणजे घंटा देवळाहून सहासष्ट वर्षांनी थोरली. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि पुढे ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतलीच ही एक मानतात. नाशिकच्या नारोशंकराची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटाही याच कुळातली. युरोपात चर्चची घंटा वर चढवण्याआधी तिला पाण्यानं धुऊन, तेल लावून, एखाद्या संताचं नाव द्यायची रीत होती; जवळजवळ बारसंच. नसरापुरात ती महादेवाची झाली आणि इतक्या वर्षांत कुणाला त्यात वावगं वाटलेलं नाही.

घंटेच्या बाबतीत दाखवतो तेवढा समजूतदारपणा आपण नावांच्या बाबतीत दाखवत नाही. नाव फारसी दिसलं की त्या घराण्याच्या धर्माबद्दल कुजबुज सुरू होते; नाव बोलीतलं दिसलं की ते ‘अशुद्ध’ ठरतं; नाव संस्कृत दिसलं की ते हजार वर्षांपूर्वीचं असणार असं गृहीत धरलं जातं. भोर आणि वेल्ह्याच्या मावळखोऱ्यात तिन्ही प्रकारची नावं शेजारी शेजारी नांदतात. तिकडे उत्तर युरोपात रोमन चर्चची लॅटिन नावं जर्मन, नॉर्वेजियन, लिथुआनियन, लाटव्हियन लोकांच्या तोंडी गेली, त्यांचा इतिहास बराच नीट तपासला गेला आहे. तो शेजारी ठेवला की आपल्याकडचे गैरसमज चटकन दिसतात.

‘कान्होजी हा कृष्णाजीचा अपभ्रंश’

रोहिड खोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे आणि शेजारच्या हिरडस मावळातले कृष्णाजी बांदल. दोघेही देशमुख, दोघेही आजच्या भोर तालुक्यातले, आणि दोन्ही घराण्यांचं वैर जेधे करीना या जेध्यांच्या जुन्या हकीकतीच्या कागदात नोंदलेलं. गंमत अशी की एकमेकांवर तलवार उपसणाऱ्या या दोघांचं नाव एकच आहे. दोघेही कृष्णाचेच.

शाळेत आपल्याला शिकवलं जातं की कृष्ण हे शुद्ध आणि कान्हा हे त्याचं बिघडलेलं रूप. बिघाड म्हटला की तो कसाही, कुठेही होतो. इथे तसं नाही. संस्कृतातला ‘ष्ण’ प्राकृतात ‘ण्ह’ होतो आणि मराठीत येताना तो जोड सैल होऊन आधीचा स्वर सहसा लांबतो. कृष्णचं कण्ह आणि मग कान्ह. उष्णचं उण्ह आणि मग ऊन्ह, म्हणजे आपलं ऊन. तृष्णाचं तण्हा आणि मग तहान. उन्हात तहान लागली असं म्हणताना कुणाला आपण अशुद्ध बोलतोय असं वाटत नाही. मग कान्होजीनंच काय पाप केलं?

फरक शुद्ध-अशुद्धाचा नाही, वाटेचा आहे. कान्हो हा शब्द कधी बाहेरून आणलाच गेला नाही. तो माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि बाकीच्या भाषेबरोबर बदलत गेला. कृष्णाजी हे नाव पोथीतून, पुराणिकातून, लिहिणाऱ्यांच्या हातून पुन्हा नव्यानं आलं. एकाच भाषेत एक नाव दोन वाटांनी येऊन दोन्ही रूपं टिकली.

जर्मनीत हुबेहूब हेच झालं. लॅटिन ‘योहानेस’ हे नाव चर्चच्या वहीत पूर्ण लिहिलं जायचं, पण घरात त्याचं ‘हान्स’ झालं. लॅटिनमध्ये जोर मधल्या ‘हा’वर पडतो, म्हणून पुढचा ‘यो’ गळाला आणि शेपूट आखडलं. निकोलाउसचं क्लाउस आणि माग्दालेनाचं लेना याच पद्धतीनं झालं. मार्टिन लूथरच्या बापाचं नाव हान्स. लूथरनं १५२६ मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाचं नाव योहानेस ठेवलं, आणि घरी त्यालाही हान्सच म्हणत. ज्या माणसानं बायबल लोकांच्या जर्मनमध्ये आणलं त्याच्या घरात वहीतलं रूप आणि ओसरीवरचं रूप दोन्ही होती, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. इंग्रजीतही लॅटिन ‘मोनास्टेरिउम’चं जुन्या काळी ‘मिन्स्टर’ झालं आणि कित्येक शतकांनी पंडितांनी तोच शब्द ‘मॉनॅस्टरी’ म्हणून पुन्हा आणला. झिजलेलं रूप जुनं, कोरं रूप नवं. आपल्याकडे लोक नेमकं उलटं धरून चालतात.

याचा तोटा प्रत्यक्ष होतो. आजोबा किसन, दाखल्यावर कृष्णा. आजी रखमा, रेशनकार्डावर रुक्मिणी. पुढे सात-बाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे प्रतिज्ञापत्रावर सांगत बसावं लागतं. शुद्धीकरणाचा हा खर्च कुणी मोजत नाही.

जाता जाता आणखी एक. राजगडाच्या पायथ्याच्या भुतोंड्याचे येसाजी कंक यांच्या नावात कुणाकुणाला ‘येशू’ ऐकू येतो. त्याचा काही संबंध नाही. येसाजी आणि येसूबाई ही ‘यश’ या शब्दाच्या घरची नावं आहेत.

‘फारसी नाव आहे, म्हणजे धर्माची भानगड असणार’

हा गैरसमज जास्त खोल आणि जास्त त्रासदायक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मालोजीराजे भोसले यांना बरेच दिवस मूल नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, दोन मुलगे झाले आणि पिराच्या नावावरून त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरेनं चालत आलेली हकीकत आहे. नवसाची गोष्ट कुणाला पटो न पटो, भावांची नावं इतिहासात पक्की आहेत. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. कान्होजी जेधे याच शहाजीराजांच्या पदरी होते आणि पुढे शिवाजी महाराजांच्या. म्हणजे कृष्णाच्या नावाचा मावळी देशमुख पिराच्या नावाच्या मराठा सरदाराची चाकरी करत होता, आणि दोघेही आपापल्या कुलदेवतेला नारळ फोडत होते.

आता नावाची घडण पाहा. ‘शाह’ हा फारसी शब्द, राजाला लावायचा आणि मग आदरानं फकिरालाही. त्याला आपला ‘जी’ जोडला की शहाजी झाला. फकीर शब्दाला मराठी ‘आ’ लागून फकिरा झाला, पीर शब्दाला ‘जी’ आणि ‘राव’ लागून पिराजीराव. नाव आत घेताना भाषेनं त्याच्या गळ्यात आपली खूण बांधली. एकदा ती बांधली की पुढे शहाजींनी, शहाजींचा, शहाजींकडे अशी सगळी विभक्ती बिनबोभाट चालते, आणि ते मराठीच नाव असतं. कुठल्याही फारसी बोलणाऱ्या माणसाचं नाव शहाजी नव्हतं.

संताचं नाव मुलाला ठेवण्याची चाल युरोपातही घरोघरची. लूथरचा बाप्तिस्मा ११ नोव्हेंबर १४८३ ला झाला. तो संत मार्टिनचा दिवस, म्हणून मूल मार्टिन. आता हे ‘मार्टिन’ कुठून आलं? लॅटिन ‘मार्तिनुस’मधून, आणि ते आलं मार्स या रोमन युद्धदेवावरून, म्हणजे आपल्या मंगळावरून. रोमन दैवताचं नाव ख्रिस्ती संताला, आणि संताचं नाव पोपशी भांडणाऱ्या जर्मन साधूला. उद्या कुणी म्हणालं की लूथरच्या घरात मंगळाची पूजा होत असणार, तर आपण हसू. शहाजी नावावरून तर्क करणारे याहून वेगळं काही करत नसतात.

नॉर्वेतली एक हकीकत तर शहाजीच्या जवळची सख्खी आहे. ओलाफ राजाला मुलगा झाला, तो इतका अशक्त की लगेच बाप्तिस्मा देणं भाग होतं. राजा झोपलेला, त्याला उठवायची कुणाची छाती नाही. सिग्वात नावाच्या दरबारी कवीनं स्वतःच पुढाकार घेऊन मुलाचं नाव मॅग्नस ठेवलं. सकाळी राजा भडकला, कारण घराण्यात असं नाव कुणाचं नव्हतं. कवीनं सांगितलं की जगातला सर्वांत थोर राजा शार्लमेन याच्यावरून ठेवलं आहे. आता शार्लमेनचं लॅटिन नाव ‘कारोलुस’ आणि ‘माग्नुस’ ही नुसती उपाधी, ‘थोर’ अशा अर्थाची. कवीनं उपाधीच उचलली आणि ती नाव म्हणून बसली. तेराव्या शतकातल्या सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या बखरींसारख्या कथांमध्ये, ही गोष्ट येते. मुलगा पुढे १०३५ मध्ये गादीवर आला, आणि मॅग्नस हे नाव त्या देशांत आजही ठेवतात. पिराची ‘शाह’ ही उपाधी आणि सम्राटाची ‘माग्नुस’ ही उपाधी, दोन्ही अशाच मुलांची नावं झाली.

भोर-वेल्ह्याच्या देशमुखांमध्ये निव्वळ दरबारी वळणाची नावंही पुष्कळ आहेत. गुंजण मावळचे हैबतराव शिळिमकर : अरबी ‘हैबत’ म्हणजे दरारा. जेध्यांचा ‘सर्जेराव’ हा किताब फारसी ‘शर्जा’ या शब्दावरून, म्हणजे खवळलेला सिंह. आदिलशाहीतला शर्जाखान आणि बीदरच्या किल्ल्याचा शर्जा दरवाजा याच शब्दाचे. खानाला लागला तर शर्जाखान, मराठ्याला लागला तर सर्जेराव. या नावांचा धर्माशी संबंधच नाही, पण गैरसमज मात्र तोच.

‘लॅटिन शब्द लॅटिनमधून आले’

लिथुआनियन भाषेत पीटरला ‘पेत्रास’ म्हणतात. लॅटिन ‘पेत्रुस’शी ते इतकं जुळतं की वाटावं, एक स्वर बदलला आणि काम झालं. तसं नाही. ‘आस’ हा लिथुआनियनचा घरचा पुल्लिंगी प्रत्यय आहे आणि ती भाषा तो सरसकट सगळ्यांना लावते. शेक्सपिअर त्यांच्याकडे ‘शेक्स्पिरास’ असतो. देवाला ते ‘दिएवास’ म्हणतात, आणि हा ‘आस’ संस्कृत ‘देवः’मधल्या विसर्गाचा भाऊबंद आहे. भाऊबंद म्हणजे भाऊबंदच. लिथुआनियन संस्कृतपासून निघाली असं मोबाइलवर फिरतं ते खरं नाही. दोघी एका जुन्या घरच्या, वेगवेगळ्या सासरी गेलेल्या.

लिथुआनियानं रोमन पंथाचा ख्रिस्ती धर्म १३८७ मध्ये घेतला, युरोपात जवळजवळ सर्वांत शेवटी. धर्म रोमचा, पण शब्द आणणारी माणसं शेजारची स्लाव. पॉलला लिथुआनियनमध्ये ‘पोविलास’ म्हणतात. लॅटिन ‘पाउलुस’मध्ये ‘व’ नाही. स्लाव ‘पावेल’मध्ये आहे. त्या एका ‘व’वरून वाट कळते. चर्चला लिथुआनियन ‘बाझ्निचिया’ म्हणतो आणि लाटव्हियन ‘बाझ्नित्सा’. दोन्ही शब्द पूर्वेकडच्या स्लावांकडून आलेले, जरी लिथुआनिया पुढे कॅथलिक राहिला आणि लाटव्हियाचा बराच भाग लूथरपंथी झाला. खुद्द जर्मनचा ‘किर्शे’ आणि इंग्रजीचा ‘चर्च’सुद्धा ग्रीक शब्दावरून आलेत, लॅटिनवरून नाहीत.

आपल्याकडे हेच काम पोर्तुगीजांनी केलं. नाताळ म्हणजे लॅटिन ‘नातालिस’, पण वाया पोर्तुगीज ‘नाताल’. पाद्री, क्रूस, इगर्जी, मिस्सा, सगळे त्याच जहाजातून उतरले. इगर्जीच्या पोटात तर ग्रीक ‘एक्लेसिया’ आहे : ग्रीकमधून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये, तिथून गोव्यात. मराठीनं त्यांना लगेच आपल्या वळणावर आणलं. पाद्री, पाद्र्याला, पाद्र्यांनी, क्रूस, क्रुसावर. ‘कोळी, कोळ्याला’ याच साच्यात.

एकच योहान घ्या. मूळ हिब्रू नाव, लॅटिनमध्ये योहानेस. जर्मनीत हान्स, लिथुआनियात योनास, लाटव्हियात यानिस, आणि जूनच्या तेवीस-चोवीस तारखांना तिथे त्याच्याच नावानं रात्रभर जाळ पेटवून, ओकच्या पानांचे मुकुट घालून मोठा सण होतो. पोर्तुगालमध्ये ‘जुआंव’ असा नाकात बोलला जाणारा उच्चार, म्हणून गोव्यात ‘जुवांव’. मराठी बायबलमध्ये मात्र ‘योहान’, कारण ते काम प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं, आणि त्यांनी लॅटिन-पोर्तुगीज वाट सोडून मूळ भाषांकडे पाहिलं. गोव्याचा जेजू आणि बायबलचा येशू यांतला फरकही याच दोन वाटांचा.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं तिसरीच वाट धरली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या माणसाचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यात त्यानं स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटलं. वाचणाऱ्याच्या ओळखीचा शब्द घेतला आणि त्यात आपला अर्थ भरला.

‘ईश्वर म्हटलं की देवस्थान पुराणातलं’

बनेश्वर, भोरेश्वर, रायरेश्वर. आधी बन, भोर, रायरी, मग ईश्वर. गावाच्या किंवा जागेच्या नावाला ईश्वर जोडून देवाचं नाव करण्याची ही पद्धत महाराष्ट्रभर आहे, आणि ती कुठल्याही शतकात करता येते. देवस्थान अतिप्राचीन असेलही, नसेलही. नावातल्या संस्कृतवरून ते ठरत नाही. बनेश्वराचं आजचं देऊळ पेशवाईतलं आहे हे वर आलंच.

रोमन सैन्यातल्या जर्मन शिपायांनी नेमकी हीच युक्ती केली होती. ऱ्हाईनच्या काठचे बाटावी लोक ‘हर्क्युलस मागुसानुस’ची पूजा करत : पुढे रोमन देव, मागे गावचा. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर ‘मार्स थिंग्सुस’चे शिलालेख सापडले आहेत. आठवड्याचे वारही असेच बदलले. रोमन गुरूच्या वाराला जर्मन लोकांनी आपल्या गडगडाटाच्या देवाचं नाव दिलं, म्हणून थर्सडे थॉरचा. आपला गुरुवार त्याच ग्रहाचा. लिथुआनियन लोकांनी देवांची भानगडच ठेवली नाही; त्यांचे वार पहिला दिवस, दुसरा दिवस असे नुसते मोजलेले.

मेंगाई आणि तोरणजाई यांना संस्कृत रूप मिळालं नाही म्हणून त्या कमी प्रतिष्ठेच्या, असं कुणी वेल्ह्यात बोलून पाहावं. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती. एक नाव बोलीतलं, एक पोथीतलं, आणि दोन्ही गडांवर आजही भाविक येतात.

‘वरून नाव दिलं की ते रुजतं’

रुजतंच असं नाही. शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाचा राजगड केला आणि ते नाव इतकं बसलं की जुनं फक्त पुस्तकात उरलं. त्याच महाराजांनी तोरण्याचं प्रचंडगड केलं, पण लोक तोरणाच म्हणत राहिले. रोहिड्याला विचित्रगड हे दुसरं नाव आहे. भोरच्या एसटीत बसून ते सांगून पाहा, कंडक्टर दोनदा विचारेल. पानशेतच्या धरणाला तानाजीसागर म्हणतात आणि भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, त्याआधी ते लॉइड धरण होतं. तोंडी मात्र पानशेत आणि भाटघरच.

लिथुआनियाचा थोर राज्यकर्ता विताउतास याला बाप्तिस्म्याचं नाव मिळालं अलेक्झांडर. कागदोपत्री ते चाललं, पण देशात आजही मुलांची नावं ठेवतात ती विताउतास. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला. कार्यालयांच्या पाट्या बदलणं सोपं आहे. ‘वेल्ह्याला चाललोय’ हे बदलतं का, ते पुढची पिढी ठरवेल.

भोर-वेल्ह्यातल्या कित्येक घरांत अजून हाती लिहिलेल्या वंशावळी, महजर, वतनाचे कागद आहेत. जेधे शकावली कारीच्या जेध्यांच्या घरातूनच आली आणि लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये छापल्यावर शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाला नवं वळण मिळालं. तुमच्याकडे असा कागद असेल आणि तो कुणी संगणकावर उतरवून घेत असेल, तर एवढं बघा : कान्होचं कृष्ण, येसाचं यशवंत किंवा पिराजीचं पृथ्वीराज होऊ देऊ नका. कागदावर जे अक्षर आहे तेच उतरवा, आणि शुद्ध रूप सुचवायचंच असेल तर ते शेजारी कंसात लिहा.